आकड्याची पारख : संगणकाच्या गाभ्यातील एका रीतीचा इतिहास

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलाचे तोंड उघडून दात पाहिल्यावाचून कोणी पैसे मोजीत नाही. दोनदाती आहे, चारदाती आहे, की जुळून गेला आहे, हे आधी पाहावयाचे. मग चालवून पाहावयाचे. आणि शेवटी घरी जो बैल आहे त्याच्याशी जोडी लागेल की नाही, उंची व चाल जुळेल की नाही, याचा अंदाज घ्यावयाचा. या तीन पारखी झाल्या म्हणजे मग व्यवहार. बैल पसंत नसेल तर तसे तोंडावर सांगावयाचे, ही बाजाराची रीत आहे. "घेतला" म्हणून सांगून बैल दावणीलाच सोडून जाणे, किंवा एक बैल दाखवून घरी दुसराच बांधून देणे, याला काष्टीत व्यवहार म्हणत नाहीत. त्याला जे म्हणतात ते येथे सांगण्याजोगे नाही.

आज आम्हांस ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो ऐकावयास अवघड, पण मुळात या पारखेइतकाच साधा आहे. प्रत्येक संगणकात एक मुख्य कार्यक्रम अखंड चालू असतो. त्याला गाभा किंवा कर्नेल म्हणतात. यंत्राची स्मृती, म्हणजे काम चालू असताना आकडे व मजकूर मांडून ठेवण्याची जागा, कोणास किती द्यावयाची हे हा गाभा ठरवितो. जागा मोजकी आणि मागणारे पुष्कळ. तेव्हा वाटपाला नियम लागतात आणि नियमांत आकडे असतात. राखीव जागा किती ठेवावी, उधारी किती द्यावी, माल मागच्या गोदामात केव्हा हलवावा, असे हे आकडे. यंत्र चालविणाऱ्यास ते बाहेरून बदलता येतात. असा आकडा कोणी दिला असता गाभ्याने तो तसाच घ्यावा, पारखून घ्यावा, की नाकारावा? या एका प्रश्नाला बराच इतिहास आहे, आणि तो इतिहास कामगारांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आम्ही शाळा लवकर सोडलेले. जे शिकलो ते आरोपपत्रे वाचता वाचता शिकलो. हाही विषय आम्ही एका आरोपपत्रापायीच शिकलो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संस्थेत, तिचे नाव आम्ही घेत नाही, पगाराचा सारा हिशेब एका यंत्रावर होत असे. यंत्राची स्मृती ८ गिगाबाइट. पगाराच्या दिवशी ते मधूनमधून अडू लागले, तेव्हा दूर शहरातल्या अभियंत्याने दूरध्वनीवरून कारकुनास सांगितले, की राखीव स्मृतीचा आकडा वाढवून ५२४२८८ किलोबाइट करा. म्हणजे अर्धा गिगाबाइट. कारकून तरुण होता, समोर खिडकीवर रांग होती. त्याच्या हातून एक शून्य जास्त पडले. ५२४२८८०. अर्ध्या गिगाबाइटाचे पाच झाले. यंत्राने तो आकडा घेतला. एक शब्द विचारला नाही. आठांतील पाच राखीव गेल्यावर उरले तीन, आणि पगाराच्या नोंदवहीला एकटीलाच चार लागत होते. जागा संपली असे पाहून गाभ्याने आपल्या नियमाप्रमाणे सर्वांत जास्त जागा अडवून बसलेले काम, म्हणजे पगाराची नोंदवहीच, बंद पाडले. यंत्र बंद करून पुन्हा लावले तरी व्यवस्थेच्या फायलीत लिहून ठेवलेला तोच आकडा पुन्हा वाचला जाई आणि पुन्हा तोच प्रकार होई. पगार तीन दिवस लांबला. कारकुनास निलंबित करून त्याच्यावर घोर निष्काळजीपणाचे आरोपपत्र ठेवण्यात आले.

चौकशीत एकच प्रश्न होता : चूक कोणाची? उत्तर शोधण्यासाठी आम्हांस मागे जावे लागले.

संगणक आणि कामगार यांचा संबंध आपल्या देशात जुना आहे. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक बसविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा विमा कर्मचाऱ्यांनी मोठी चळवळ केली. १९६९ साली सरकारने स्वयंचलनाविषयी एक समिती नेमली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्राध्यापक वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते, आणि १९७२ साली तिचा अहवाल आला. पुढे १९८३ साली बँकांच्या संघटनांनी मालकांशी संगणकाविषयी करार केला. त्या पिढीचा प्रश्न होता, यंत्र यावे की न यावे. तो प्रश्न तिने जिद्दीने लढविला. आमच्या पिढीपुढे यंत्र येऊन बसलेले आहे. आमचा प्रश्न निराळा : यंत्राला दिलेल्या आकड्याची जबाबदारी कोणाची?

पहिल्या यंत्रांत हा प्रश्न नव्हता. मुंबईस कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बांधलेला संगणक १९६० साली कामास लागला; १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची, आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. हिशेब केला तर ही स्मृती १० किलोबाइट भरते. वर सांगितलेल्या पगाराच्या यंत्राची स्मृती याच्या ८ लाख पटींहून अधिक होती. टिफ्रॅकवर वाटपाचा प्रश्नच नव्हता. ज्याचा कार्यक्रम त्याची सारी स्मृती. कोणती गोष्ट कोणत्या घरात ठेवावयाची हे तो माणूस स्वतः कागदावर मांडून येई. चुकला तर त्याचेच गणित चुके. आकडा देणारा, तो वापरणारा आणि त्याचे फळ भोगणारा, तिघेही एकच.

१९६२ सालीच इंग्लंडात मँचेस्टरला टॉम किलबर्न आणि त्यांचे सहकारी यांनी ॲटलस हे यंत्र सुरू केले, आणि येथून पालट झाला. ॲटलसमध्ये लहान पण जलद स्मृती पुढे आणि मोठा पण सावकाश फिरणारा चुंबकीय ड्रम मागे, अशी रचना होती. कोणता मजकूर पुढे ठेवावयाचा आणि कोणता मागे न्यावयाचा हे यंत्र स्वतः ठरवी. पुढे दुकान, मागे गोदाम आणि मध्ये हमाल, असे समजावे. लिहिणाऱ्याला मात्र सारे एकच मोठे दुकान दिसे. सोय फार मोठी झाली. पण त्याबरोबर माणसाच्या हातातील एक निर्णय यंत्राच्या नियमात गेला, आणि नियम म्हटला की आकडा आला.

नियम चुकला तर काय होते तेही लवकरच दिसले. १९६८ साली अमेरिकेत पीटर डेनिंग यांनी एक दुखणे नीट समजावून दिले. दुकानात गिऱ्हाइके फार झाली आणि जागा पुरेनाशी झाली, की हमाल एकाचा माल आत नेऊन दुसऱ्याचा बाहेर आणतो, तोच पहिला पुन्हा आपला माल मागतो. हमाल दिवसभर धावतो आणि विक्री एका पैशाची होत नाही. यंत्रात नेमके हेच घडते. डेनिंग यांचा उपाय असा, की प्रत्येक कामाला लागणारा चालू मालाचा संच किती ते मोजावे आणि तेवढी जागा असेल तरच ते काम आत घ्यावे. म्हणजे आधी मोजावे, मग घ्यावे. पडताळणीचे बीज येथे आहे.

यानंतर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली उभारली. तिच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत असे बदलते आकडे एका लहानशा फायलीत एकत्र लिहिलेले असत : एका वेळी जास्तीत जास्त ५० कामे, १५ बफर, आणि असेच काही. आकडा बदलावयाचा तर ती फाइल दुरुस्त करून सारा गाभा पुन्हा घडवावा लागे. पारख करणारे कलम नव्हते, आणि त्याची फारशी गरजही भासत नव्हती. कारण जो आकडा बदली, तो गाभा वाचू शकणारा माणूस असे. सुताराने स्वतःच्या किकऱ्याला धार लावावी तसे ते काम होते.

खरा फरक १९९० नंतर पडला. १९९३ च्या सुमारास युनिक्सच्या बर्कली शाखेत, आणि १९९६ साली लिनक्समध्ये, चालू यंत्र न थांबविता गाभ्यातील आकडा बदलण्याची सोय झाली. लिनक्स म्हणजे फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेला आणि पुढे जगभरच्या लोकांनी मिळून वाढविलेला गाभा. त्यात स्मृतीचा प्रत्येक नियामक आकडा एखाद्या फायलीसारखा दिसतो. फायलीत नवा आकडा लिहिला की त्याच क्षणी तो लागू. सोय अशी की कोणासही हेवा वाटावा. पण आकडा लिहिणारा आणि गाभा घडविणारा यांची येथे कायमची ताटातूट झाली. लिहिणारा कोठेतरी खेड्यात, घडविणारा समुद्रापार. आता मध्ये पारखी हवाच होता.

ही ताटातूट केवढी मोठी आहे हे ध्यानात घ्यावे. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच गाभा आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. २०२० च्या नोव्हेंबरात त्या यादीत ६३ वा क्रमांक मिळविणारा पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी त्यातलाच. टिफ्रॅकपाशी मोजकी जाणती माणसे बसत. आज या गाभ्यापुढे सारे जग बसले आहे, आणि आमचा कारकूनही.

मग पारख कशी होऊ लागली? बाजारातल्यासारख्याच तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी दात पाहण्याची : दिलेली वस्तू आकडा तरी आहे का? फायलीत येतात ती अक्षरे. "६०" म्हणजे यंत्राच्या दृष्टीने सहा व शून्य ही दोन चिन्हे. त्यांत एखादे भलतेच अक्षर आले तर नाकारावयाचे. ही पारख सोपी वाटते. पण हिच्यातही एक खड्डा बरीच वर्षे उघडा राहिला होता. बुद्धिबळाच्या पटाची कथा सर्वांस ठाऊक आहे : पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे करीत ६४ घरे भरली तर राजाचे कोठार पुरत नाही. चौसष्ट बिटांच्या यंत्रात मावणारा सर्वांत मोठा पूर्णांक म्हणजे नेमकी त्या साऱ्या पटावरील दाण्यांची बेरीज. तीत आणखी एक दाणा टाकला की १८४४६७४४०७३७०९५५१६१६ होतात, आणि यंत्राच्या घरात ते मावत नाहीत. गाडीच्या मीटरसारखे सारे आकडे फिरून शून्य होते. एकंदर किती फायली उघड्या असू द्याव्यात या मर्यादेत २०१९ पर्यंत हा आकडा लिहिता येई. लिहिणाऱ्याने मागितले अमाप, आणि यंत्राने मानले शून्य. मग नवी फाइल उघडता न आल्याने यंत्र कोसळे. २०१९ साली हा खड्डा बुजविण्यात आला.

दुसरी पायरी हद्दीची : आकडा ठीक, पण तो खालच्या व वरच्या मर्यादेत आहे का? माल मागच्या गोदामात हलविण्याची उत्सुकता किती असावी याचा एक आकडा लिनक्समध्ये आहे. त्याला स्वॅपिनेस म्हणतात. साधारणतः तो ६० असतो. त्याची हद्द ० ते १०० होती. १०१ लिहिले तर गाभा उघडपणे नाकारी. पुढे मागची गोदामेही फार जलद झाली, तेव्हा २०२० च्या ५.८ या आवृत्तीत ही हद्द २०० पर्यंत नेली. म्हणजे हद्द ही काही ब्रह्मदेवाने लिहिलेली नसते. परिस्थिती पाहून तिचीही फेरतपासणी करावी लागते.

याच आकड्याची दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. शून्य हा आकडा हद्दीत पूर्वीही होता आणि नंतरही राहिला. पण २०१२ च्या ३.५ या आवृत्तीपासून त्याचा अर्थ बदलला. पूर्वी शून्य म्हणजे "शक्यतो हलवू नका" असा अर्थ पुष्कळजण घेत आणि तो बहुधा खरा ठरे. नंतर शून्य म्हणजे अगदी गळ्याशी येईपर्यंत हलवावयाचेच नाही, असा कडक नियम झाला. ज्यांनी सद्हेतूने शून्य लिहून ठेवले होते त्यांच्यापैकी काहींची मोठमोठी कामे, मागे गोदाम रिकामे असताना, जागा नाही म्हणून मारली गेली. हद्दीची पारख येथे काहीच सांगू शकली नाही. करारातील शब्द तोच ठेवून अर्थ बदलला म्हणजे काय होते, हे आम्ही कारखान्यांतही पाहिले आहे.

तिसरी पायरी जोडीची. दोन आकडे वेगवेगळे चांगले असून एकत्र वाईट असू शकतात. उदाहरण घ्या. स्मृतीत बदललेला पण तबकडीवर अजून न उतरविलेला मजकूर किती साचू द्यावा यासाठी दोन आकडे आहेत : साधारणतः शेकडा १० भरले की गाभा मागच्या मागे उतरवू लागतो, आणि शेकडा २० भरले की लिहिणाऱ्यालाच थांबवून उतरवावयास लावतो. पहिला आकडा दुसऱ्याहून लहान असेल तरच याला अर्थ आहे. कोणी पहिला ४० आणि दुसरा २० केला तर दोन्ही शंभराच्या आत म्हणून दोन्ही पास. मग गाभ्याने ठेवलेली रीत अशी, की पहिला दुसऱ्याइतका किंवा मोठा दिसल्यास दुसऱ्याचा निम्मा धरून काम चालवावयाचे. फायलीत मात्र ४० च दिसत राहतात.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याशी येतो. गाभ्याचा सारा इतिहास चाळताना आम्हांस पारख नसण्यापेक्षाही एक गोष्ट अधिक खटकली. ती म्हणजे मुकाट्याने केलेली पारख.

वर सांगितलेल्या शेकडा २० च्या आकड्यालाच पूर्वी एक लपलेली तळमर्यादा होती. कोणी ५ पेक्षा कमी आकडा लिहिला तर फायलीत तो तसाच दिसे, पण आत गाभा ५ धरून चाले. गाभ्याचाच एक भाग ५ मानी आणि दुसरा भाग लिहिलेला आकडा मानी. २०१० च्या सुमारास घडविणाऱ्यांनी स्वतःच मान्य केले, की वापरणाऱ्याला ही अपेक्षा नसते, आणि ती लपलेली मर्यादा काढून टाकली. हा झाला एक बैल दाखवून दुसरा बांधण्याचा प्रकार.

दुसरा प्रकार "घेतला" म्हणून न घेण्याचा. मोठ्या पूर्णांकांची हद्द पाहणारे एक सामाईक कलम गाभ्यात आहे. स्मृतीचे काही आकडेही त्याच्याच हातून जातात. हद्दीबाहेरचा आकडा आला की हे कलम तो सोडून देई, जुनाच आकडा ठेवी, आणि लिहिणाऱ्याला मात्र काम झाल्याचे कळवी. मर्यादा वाढली असे समजून माणूस निर्धास्त होई. वाढलेली काहीच नसे. २०१९ साली हे बदलले. तेव्हापासून ते कलम हद्दीबाहेरच्या आकड्याला स्पष्ट नकार कळविते. दोन ओळींची दुरुस्ती, पण आमच्या मते साऱ्या इतिहासात तिचे मोल मोठे. खोट्या होकारापेक्षा खरा नकार बरा, हे यंत्राला तेव्हा शिकविले गेले.

ही वाट कामगारांनीही चाललेली आहे. १९४६ साली औद्योगिक सेवायोजन स्थायी आदेशांचा कायदा झाला. मालकाने आपल्या कारखान्याचे नियम मसुद्याच्या रूपाने प्रमाणन अधिकाऱ्यापुढे ठेवावयाचे, कामगारांचे म्हणणे ऐकले जावयाचे, आणि मग ते प्रमाणित व्हावयाचे, अशी त्यात योजना होती. पण पहिली दहा वर्षे अधिकाऱ्याने फक्त मसुदा कायद्याच्या चौकटीत बसतो की नाही एवढेच पाहावयाचे होते. नियम न्याय्य आहे का, वाजवी आहे का, हे पाहण्यास त्याला स्पष्ट मनाई होती. १९५६ च्या दुरुस्तीने ती मनाई गेली आणि न्याय्यता व वाजवीपणा पाहण्याचा अधिकार त्याला मिळाला. आधी रूपाची पारख, मग अर्थाची. आणि दोन्हींच्या मध्ये कामगारांची दहा वर्षे. शिवाय नियम लागू होण्यापूर्वी उघड सुनावणी. गाभ्याचा इतिहास वाचताना आम्हांस हे जुने पान पुन्हा वाचल्यासारखे वाटले.

आता आमच्या कारकुनाच्या आकड्याकडे वळू. राखीव स्मृती कशासाठी असते? गोदाम पोत्यांनी खचाखच भरले तर पोते हलविणाऱ्या हमालास पाऊल ठेवावयास जागा राहत नाही, आणि मग ते गोदाम रिकामे करता येत नाही. म्हणून गाभा हमालापुरती जागा राखतो. ती किती असावी याचे एक सुंदर सूत्र आहे : एकूण स्मृती किलोबाइटमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढून चौपट करावे. १६ मेगाबाइटच्या यंत्रास ५१२ किलोबाइट येतात; १६ गिगाबाइटच्या यंत्रास १६,३८४. स्मृती १,०२४ पटींनी वाढली तरी राखीव फक्त ३२ पट वाढली. गोदाम हजार पट झाले म्हणून हमालाचे पाऊल काही हजार पट होत नाही. या सूत्राने ८ गिगाबाइटला सुमारे ११,५८४ किलोबाइट येतात. अभियंत्याने सांगितलेला आकडाही याच्या पंचेचाळीस पट होता. कारकुनाच्या हातून पडलेला साडेचारशे पट.

आणि गाभ्यासोबत येणाऱ्या माहितीपत्रात काय लिहिले आहे? हा आकडा १,०२४ च्या खाली नेल्यास यंत्र सूक्ष्मपणे बिघडते व मोठ्या कामात अडकून पडू शकते. फार वाढविल्यास यंत्र तत्काळ स्मृतीवाचून मरते. घडविणाऱ्यांना दोन्ही धोके पुरते ठाऊक होते. त्यांनी ते कागदावर लिहिले. पण दारावर पारख ठेवली ती एवढीच, की आकडा शून्याहून कमी नसावा.

चौकशीत आम्ही हे पत्र मराठीत समजावून मांडले. आमचे म्हणणे थोडक्यात असे होते : ज्या विहिरीला कठडा नाही तिच्यात माणूस पडला तर त्याच्या चालण्याची चौकशी करण्यापूर्वी कठड्याची चौकशी करा.

संस्थेच्या अभियंत्याने जे उत्तर दिले ते ऐकण्यासारखे होते, आणि ते आम्ही येथे लपविणार नाही. तो म्हणाला, गाभा सर्वांसाठी एकच असतो; तो फोनमध्येही चालतो आणि महासंगणकातही. पाच गिगाबाइट राखीव ठेवणे आठच्या यंत्रावर आत्मघात, पण हजार गिगाबाइटच्या यंत्रावर ती मामुली गोष्ट. घडविणारा दूर बसून एकच हद्द कशी ठरवील? शिवाय हा आकडा ज्याच्याकडे यंत्राचा पूर्ण अधिकार आहे त्यालाच बदलता येतो. पूर्ण अधिकार असलेल्याचा हात यंत्राने दर वेळी धरला तर खऱ्या अडचणीच्या वेळी तो बांधला जाईल.

हे खरे आहे. आम्ही ते मान्य केले. पण त्यातूनच दुसरी गोष्ट निघते. हद्द दूरच्याला ठरविता येत नसेल, तर ती जवळच्याने ठरविली पाहिजे. या यंत्राची एकूण स्मृती किती आणि पगाराच्या नोंदवहीला किती लागते, हे संस्थेला ठाऊक होते. एकूण स्मृतीच्या दहाव्या हिश्शाहून मोठा आकडा आला तर थांबून विचारावे, एवढे चार ओळींचे कलम आकडा गाभ्याकडे जाण्यापूर्वी बसविता आले असते. आणि पूर्ण अधिकार कारकुनाला कोणी दिला? पगार कारकुनाचा आणि अधिकार अभियंत्याचा, ही कोणती वाटणी? अधिकार देताना शिक्षण दिले नाही, लेखी आदेश दिला नाही. दूरध्वनीवर एक सहा आकडी संख्या तेवढी सांगितली.

निकाल आमच्या मनासारखा लागला नाही. कारकून कामावर परत आला, पण निलंबनाच्या काळातील निम्मा पगार बुडाला तो बुडालाच, आणि त्याच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली. निष्काळजीपणातील "घोर" हा शब्द तेवढा गेला. मात्र पुढच्या करारात आम्ही तीन कलमे घालून घेतली. यंत्राच्या गाभ्यातील कोणताही आकडा लेखी आदेशावाचून बदलावयाचा नाही. आकडा लागू होण्यापूर्वी त्याची त्या यंत्रापुरती हद्द तपासणारे कलम असावे, आणि नकार आला तर तो कारणासह लिहिणाऱ्यास दिसावा. आणि जुना आकडा नोंदवून ठेवावा, म्हणजे परत फिरण्याची वाट राहील. दुसरे कलम मंजूर करून घेण्यास सर्वांत जास्त वेळ लागला. यंत्रात पारख नाही हे कोणास खटकत नव्हते. पारख न केल्याचा दोष कागदावर यावा हे खटकत होते.

त्या मुलाच्या हातून एक शून्य जास्त पडले, हे आम्ही कधीही नाकारले नाही. माणसाच्या हातून शून्य पडावयाचेच. टिफ्रॅकच्या काळी ते ज्याचे त्याच्यापाशी राही. आज ते क्षणात चारशे घरांचा पगार अडवते. साठ वर्षांत स्मृती वाढली तशी एका शून्याची किंमतही वाढली, हा या इतिहासाचा साधा अर्थ आहे. तो कारकून अजून त्याच खिडकीत बसतो. आकडा टाइप केल्यावर तो मोठ्याने वाचतो आणि शेजारच्याकडून वदवून घेतो. पहिल्यांदा लोक हसले. आता रांगेतली माणसेही त्याच्याबरोबर शून्ये मोजतात.